मधल्या घराचे उत्पन्न

'सरासरी' हा शब्द मराठीत आता घरचा झाला आहे. पावसाची सरासरी, धावांची सरासरी, गुणांची सरासरी असे आपण सहज बोलतो. 'मध्यक' या शब्दाच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक ही तीन भावंडे एकत्र भेटतात. परीक्षा संपली की पहिले भावंड 'सरासरी' हे नाव घेऊन जगात वावरू लागते आणि उरलेली दोघे पुस्तकातच राहतात. वास्तविक 'लोकांचे कसे चालले आहे' हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याला मध्यकाशिवाय गत्यंतर नाही.

समजा, एका गल्लीत पाच घरे आहेत. मजुराचे वर्षाचे उत्पन्न ९० हजार, दोन एकरवाल्याचे १ लाख १० हजार, पाच एकरवाल्याचे १ लाख ४० हजार, शिक्षकाचे ७ लाख आणि अडत्याचे २५ लाख. या गल्लीची सरासरी ७ लाखांच्या थोडी पुढे जाते. म्हणजे पाचांपैकी चार घरे सरासरीच्या खाली आहेत. घरे उत्पन्नाच्या क्रमाने ओळीत उभी केली तर मधोमध येतो तो पाच एकरवाला, आणि त्याचे १ लाख ४० हजार हा मध्यक. पुढच्या वर्षी अडत्याचे उत्पन्न ४० लाख झाले तर सरासरी १० लाखांवर चढेल आणि गल्ली श्रीमंत झाल्याची बातमीही येईल. मधले घर मात्र जागेवरून हललेले नसेल.

हे उदाहरण मी रचलेले आहे. खरा प्रश्न असा की नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील मधल्या घराचे उत्पन्न आज किती आहे, आणि तीस वर्षांपूर्वी किती होते? साहित्याच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे एखाद्याला वाटेल. मी पडलो त्याला कारण घडले. महाविद्यालयात काही वर्षे माझ्याकडे शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम होते. प्रत्येक अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला असे. वर्गात आपण विद्यार्थ्यांना विचारतो: निवेदक कोण आहे? तो कोणाला उद्देशून बोलतो आहे? काय सांगतो आणि काय गाळतो? दाखले वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की हेच प्रश्न त्या एका ओळीच्या मजकुरालाही विचारावे लागतात.

दाखल्यावरचा आकडा नेहमी एखाद्या रेषेकडे पाहून बोलतो. या रेषा कोणत्या ते पाहावे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या: वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्यावर शुभ्र. संजय गांधी निराधार योजनेसाठी मर्यादा २१ हजार. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंब ठरवताना ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, २०२४ च्या लाडकी बहीण योजनेलाही अडीच लाख. उन्नत स्तरासाठी आठ लाख. एकाच घराला एकाच वर्षी यांतील तीन-चार रेषांपुढे उभे राहावे लागते. प्रत्येक वेळी त्याचे उत्पन्न रेषेच्या किंचित अलीकडे असते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मी पाहिलेल्या दाखल्यांत गोल आकडे फार, आणि गोल आकड्यांतही रेषेला खेटून बसलेले अधिक. याला कोणी खोटेपणा म्हणेल. मला तो एका साहित्यप्रकाराचा संकेत वाटतो. पोवाड्यात शत्रूचे सैन्य मोजून पाहण्याचा आग्रह कोणी धरत नाही.

मुळात रेषाच अशा आखल्या आहेत की खरे बोलणाऱ्याला उभे राहायला जागा राहू नये. ४४ हजार वार्षिक म्हणजे महिन्याला सुमारे ३,६६७ रुपये, तेही संपूर्ण कुटुंबाचे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या उपभोग-खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात एका माणसाचा सरासरी मासिक खर्च ३,७७३ रुपये होता. म्हणजे घरातल्या एका माणसाचा खर्च संपूर्ण घराच्या मान्य उत्पन्नापेक्षा जास्त! ही सरासरी आहे आणि सरासरी वरच्यांमुळे फुगते, हे मान्य करूनही अंतर काही बुजत नाही. पिवळ्या पत्रिकेची १५ हजारांची मर्यादा तर दिवसाला ४१ रुपयांवर येते. १९९९ पासून किमती चौपटीच्या पुढे गेल्या आणि हा आकडा कागदावर होता तिथेच राहिला.

एका विद्यार्थिनीचा दाखला मला अजून आठवतो. मुखेडकडची मुलगी. अडीच लाखांच्या मर्यादेपुढे तिच्या दाखल्यावर २ लाख ६३ हजार होते. रक्कम गोल नव्हती, म्हणून मी थबकलो. चौकशीअंती हिशेब उलगडला. सातबारा आजोबांच्या नावे, नऊ एकरांचा. एकरी साडेसहा क्विंटल सोयाबीन, भाव साडेचार हजार. गुणाकार बिनचूक होता. आजोबांच्या तीन मुलांची चूल बारा वर्षांपूर्वी वेगळी झाली होती, पण सातबारा एकच राहिला होता. त्यामुळे तिन्ही घरांचे रान एकाच घराच्या नावावर मोजले गेले. बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च वजा झाला नव्हता. उलट तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात आणि उन्हाळा लागल्यावर परतत, त्या मजुरीचा दाखल्यात उल्लेखच नव्हता, कारण ती कोणत्याही उताऱ्यावर येत नाही. जे घरात आलेच नाही ते धरले होते आणि जे आले ते सोडले होते. अर्ज फेटाळला गेला. दुरुस्तीसाठी तिचे वडील यायला हवे होते. ते तेव्हा फडावर होते. पुढच्या वर्षी ती वर्गात दिसली नाही.

या प्रकरणानंतर मी आमच्याच महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या एका मित्राला सरळ विचारले की या जिल्ह्यांतील घरांचे खरे उत्पन्न कोणी मोजलेले आहे का. त्याने हसून उलट विचारले, "घर म्हणजे काय, ते आधी सांग." मला तेव्हा हा वाद टाळण्याचा प्रकार वाटला. पुढे कळले की सगळी अडचण खरोखर तिथूनच सुरू होते.

राष्ट्रीय नमुना पाहणीची व्याख्या चुलीवर उभी आहे: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मराठीला ही व्याख्या परकी नाही. 'चूल वेगळी होणे' या एका वाक्प्रचारावर आपल्या ग्रामीण कथेने कितीतरी वर्षे काढली आहेत. परंतु आमच्याकडच्या चुली पाहणीच्या दिवशी जागेवर असतातच असे नाही. लातूरला अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येतात. पुष्कळदा मुलाबरोबर आई येते, एक खोली करून दोन वर्षे राहते. बाप गावी शेत आणि जनावरे सांभाळतो. चुली दोन झाल्या, पैसा एकाच सोयाबीनचा. हे एक घर की दोन? ज्यांनी त्यांना खोली दिली त्यांचे भाडे, शेजारच्या बाईने चालवलेल्या डब्यांचे पैसे हे कोणत्या रकान्यात? आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, मुखेड-कंधार-लोह्याकडून किंवा अहमदपूर-जळकोटकडून निघालेली जोडपी पाच महिने कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या खोपीत चूल मांडतात. म्हातारी आणि लहान मुले गावाकडे दुसरी चूल चालवतात. ऊसतोडीत मोजमापाचे एकक 'कोयता', आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. सरकारी पाहणीला न सुटलेला प्रश्न मुकादमाने आपल्या सोयीने केव्हाच सोडवून टाकला आहे.

दुसरी अडचण शब्दांची, आणि ती आपल्या अधिकारातली आहे. 'तुमचं उत्पन्न किती?' हा प्रश्न ऐकून आमच्याकडचा शेतकरी सांगतो, 'यंदा एकरी आठ कट्टे.' तो प्रश्न टाळत नाही. मराठीत 'उत्पन्न' म्हणजे जे उपजले ते. पिकाचा उताराही उत्पन्न आणि हातात आलेला पैसाही उत्पन्नच. 'मिळकत' म्हणावे तर तिच्यात घरदार, जमीन आणि कमाई सारेच मिसळलेले. नगरपालिका जिच्यावर कर लावते ती मिळकत वेगळी. 'आमदनी' हा निजामी राजवटीतून उरलेला शब्द आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी होता, आणि मला तोच सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात 'येणे' आहे. 'पगार' मात्र सर्वांना कळतो. ज्याला पगार आहे त्याचेच उत्पन्न एका वाक्यात सांगता येते. बाकीच्यांचे सांगायला वर्षभराची हकीकत लागते: पेरणीचा खर्च, मधला पावसाचा खंड, सोयाबीन दिवाळीआधी विकले की थांबवून धरले, तूर कधी निघाली. लातूरच्या बाजारात २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. २०२४ च्या हंगामात ते ४,८९२ रुपयांच्या हमीभावालाही पोहोचत नव्हते. माल थांबवून धरणाऱ्याची दोन पिके कधी एकाच आर्थिक वर्षात विकली जातात आणि पुढचे वर्ष कोरडे जाते. एका वर्षापुरता त्याचा आकडा घेतला तर तो एकदा बागायतदार ठरेल, एकदा भिकारी.

म्हणूनच आपल्या संख्याशास्त्रज्ञांनी उत्पन्न विचारण्याचा नाद जवळजवळ सोडून दिला. १९५० मध्ये महालनोबिसांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्या दशकात आणि पुढच्या दशकात काही फेऱ्यांमध्ये उत्पन्नही विचारून पाहिले गेले. निष्पन्न असे झाले की लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांनीच सांगितलेल्या खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरते. तेव्हापासून खर्चच विचारायचा आणि त्यावरून राहणीमान ताडायचे, अशी वहिवाट पडली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जो गाजलेला अभ्यास मांडला तोही उपभोग-खर्चाच्या आकड्यांवर. दशवार्षिक जनगणना तर उत्पन्न विचारतच नाही. प्राप्तिकर खात्याकडे जावे तर शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत एक प्रश्न होता खरा: घरातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न ५ हजारांच्या आत, ५ ते १० हजार, की १० हजारांच्या वर? देशातील सुमारे पाऊणशे टक्के ग्रामीण घरे पहिल्या खान्यात पडली. आता मध्यक शोधायचा तर तो त्याच पहिल्या खान्यात कुठेतरी दडलेला आहे, एवढेच कळते. तेही घराचे उत्पन्न नव्हे, एका माणसाचे.

'जिल्हा उत्पन्न' नावाचा एक आकडा राज्याच्या आर्थिक पाहणीत छापून येतो. दरडोई म्हणून त्याचे दाखले भाषणांत दिले जातात. तो सरासरीचाच प्रकार. आणि मराठवाड्यात ज्या शब्दावर एक संपूर्ण राजकारण उभे राहिले तो 'अनुशेष' १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांच्यावरून मोजला. त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण घरात काय येते हा प्रश्न त्या मापनाच्या कक्षेत नव्हता, आणि अनुशेषाच्या चर्चेत वाढलेल्या आमच्या पिढीला तो वेगळा प्रश्न आहे हेच पुष्कळ काळ उमगले नाही.

काळाच्या ओघात तुलना करायची म्हटले तर आणखी एक गंमत होते. ज्या प्रदेशाचे उत्पन्न मोजायचे तो प्रदेशच जागेवर राहत नाही. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत (आताचे धाराशिव) आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाला तेव्हा लातुरात. किनवट आदिलाबादकडून नांदेडला आले आणि नांदेडचे मुधोळ आदिलाबादला गेले. जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ हे तालुके १९९९ चे. एस. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानात १९२९-३० मध्ये आर्थिक पाहणी केली आणि १९४९ ते ५१ मध्ये पुन्हा ग्रामीण पाहणी केली. दोन दशकांच्या अंतराने झालेली अशी कामे दुर्मीळच. पण पहिल्या पाहणीतील रुपया हाली सिक्क्याचा. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. नाणे वेगळे, सीमा वेगळ्या, दप्तराची भाषा वेगळी.

सीमेपलीकडे, मुंबई इलाख्यात, हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी घरांचे तीन गट पाडले: शेतीवर भागणारी, शेतीबरोबर बाहेरच्या कामाने भागणारी आणि कशानेच न भागणारी. आकड्यांपेक्षा हे वर्गीकरण मला अधिक बोलके वाटते, कारण त्यात उत्पन्नाला गरजेशेजारी बसवले आहे. (आज पिंपळे सौदागरला संगणक-अभियंत्यांच्या सदनिकांचे मनोरे आहेत. मान यांच्या तिसऱ्या गटातल्या घरांचे वारस त्या मनोऱ्यांच्या आत आहेत की बाहेर, हा एखाद्या कादंबरीचा विषय आहे.)

आमच्या भागात गावच्या गाव एका वेळी मोजले गेले ते फार वेगळ्या कारणाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर केवढे द्यायचे हे जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. त्या गावांतून चालत जाणे म्हणजे १९९३ सालचा जमीनवाटपाचा तक्ता पायांखालून वाचत जाणे. मधले घर कोणते ते इथे शब्दशः दिसते. मी प्रथम गेलो तेव्हा या रचनेने अस्वस्थ झालो होतो. जुन्या गावात घरावरून ऐपत ओळखता येत असे हे खरे, पण तिला सरकारी शिक्का नव्हता. आता पाहिले तर त्या घरांना पुढे-मागे खोल्या जोडलेल्या दिसतात, कुठे पत्रा, कुठे स्लॅब, कुठे दुकानाचे शटर. तीन साच्यांतून निघालेल्या घरांच्या तीस वर्षांच्या आर्थिक हकीकती भिंतींच्या जोडांत वाचता येतात. जोड कुठे आहे आणि कशाचा आहे हे टिपून ठेवले, तर आमच्या भागात उत्पन्नाच्या बदलाचा तेवढा प्रामाणिक पुरावा दुसरा सापडणार नाही असे मला वाटते. अर्थात जमीन म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि ज्यांनी गाव सोडले त्यांच्या भिंती वाढत नाहीत.

मग शास्त्र काय करते? लहान प्रदेशासाठी पुरेसा नमुना नसेल तर ते शेजारचा आधार घेते. १९७९ मध्ये फे आणि हेरियट या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी हजाराहून कमी वस्तीच्या गावांच्या दरडोई उत्पन्नाचे अंदाज कसे बांधावेत हे दाखवले. तत्त्व सोपे आहे. गावातील मोजक्या घरांनी सांगितलेला आकडा एका बाजूला; करविवरणे, घरांच्या किमती, सभोवतालच्या काउंटीची स्थिती यांवरून बांधलेली अपेक्षा दुसऱ्या बाजूला. गावाचा स्वतःचा आकडा जितका डळमळीत, तितके त्याला अपेक्षेकडे सरकवायचे. अमेरिकेत प्रत्येक काउंटीच्या कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक दरवर्षी अशाच पद्धतीने प्रसिद्ध होतो.

हे वाचताना मला भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. एखाद्या पोथीत ओळ खंडित असेल तर संपादक त्याच कुळातल्या इतर पोथ्यांचा कौल घेतो. साक्षीदार जितका दुबळा, तितकी कुळाची साक्ष बलवान. इथवर दोन्ही शास्त्रे हातात हात घालून चालतात. पुढे मात्र त्यांच्या वाटा फुटतात, आणि माझा सारा आक्षेप त्या फाट्यावरचा आहे. पाठचिकित्सेचा एक जुना दंडक असा की दोन पाठांपैकी कठीण, अनपेक्षित पाठ मूळचा असण्याची शक्यता अधिक. सोपा पाठ लेखनिकाने मागाहून घातलेला असतो. संख्याशास्त्रातील आधाराची पद्धत नेमके उलट करते. अनपेक्षित गावाला ती शेजाऱ्यांसारखे करून टाकते. बहुतेक गावांच्या बाबतीत त्यामुळे चूक कमीच होते, हे गणिताने सिद्ध आहे आणि त्याविषयी माझे म्हणणे नाही. पण एखाद्या तांड्यातून वर्षातले पाच महिने निम्मी माणसे परगावी असतात, आणि म्हणून त्याचे आकडे शेजारच्या गावाशी जुळत नाहीत. तेव्हा ते न जुळणे हीच त्या तांड्याविषयीची सर्वांत खरी माहिती असते. तिलाच नमुन्यातला दोष समजून गुळगुळीत केले जाण्याची शक्यता सर्वाधिक. मित्राला मी हे बोलून दाखवले. तो म्हणाला, कठीण पाठ जपायचा असेल तर पोथ्या वाढव, म्हणजे नमुना वाढव; दुसरा इलाज नाही. त्याचे म्हणणे बिनतोड आहे. २०२५ पासून श्रमबळाच्या पाहणीत जिल्हा हा मूलभूत घटक धरला जाऊ लागला, कौटुंबिक उत्पन्नाच्या राष्ट्रीय पाहणीचीही त्याच वर्षी घोषणा झाली. आधार घ्यायची जनगणना मात्र अजून २०११ ची, कारण २०२१ ची झालीच नाही आणि पुढची २०२७ साठी योजलेली आहे.

आपल्या वाङ्मयाने हे मधले घर कितपत पाहिले, असाही प्रश्न मनात येतो. मराठवाड्याचे लेखन टोकांशी प्रामाणिक राहिले. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने (१९८७) अशा घरांची हकीकत सांगितली ज्यांच्या कमाईसाठी कोणत्याच अर्जात रकाना नव्हता. भास्कर चंदनशिवांच्या 'लाल चिखल'मध्ये बाजाराच्या एका दिवसाचे उत्पन्न पायांखाली तुडवले जाते. या लेखनाचे मोल निर्विवाद आहे. पण दुष्काळ, आत्महत्या, कर्ज यांच्या कथांची संख्या वाढत गेली तसतसे जे घर बुडतही नाही आणि तरतही नाही, मुलीला बी.ए.ला पाठवते, एका खेपेला म्हैस विकते आणि दुसऱ्या खेपेला घेते, ते कथेतून निसटत गेले. त्याला कथानक नाही असे आपण धरून चाललो. आकड्यांतही तेच घर सापडत नाही. दोन्हीकडे तेच का गळावे, याचे समाधानकारक उत्तर मला सुचलेले नाही. टोके स्वतःहून बोलतात आणि मधल्याला विचारत बसावे लागते, एवढे मात्र दिसते.

अलीकडे द्वितीय वर्षाच्या मुलांना मी एक काम देतो. ओळखीच्या एका घराची वर्षभराची वही ठेवायची. नावे लिहायची नाहीत. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. खर्चाची बाजू भराभर भरते. दवाखाना, किराणा, लग्नाचा आहेर, मोबाइलचे रिचार्ज, सारे लोक बिनदिक्कत सांगतात. डाव्या बाजूला पेन अडते. अनेक वह्यांत तिथे 'हातउसने' लिहिलेले सापडते, आणि ते बरोबर की चूक यावर वर्गात दर वर्षी भांडण होते. गेल्या खेपेला वाद उचलीवरून झाला. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल ही आमदनी की कर्ज? फडावर काम झाले की ती फिटते, काम कमी भरले तर बाकी अंगावर राहून पुढच्या हंगामावर जाते. अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी म्हणाला, जेवढी फिटली तेवढीच उत्पन्न धरावी. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, पण ती तर बहिणीच्या लग्नात कधीच खर्च झाली. आता फिटली काय न् नाही फिटली काय, घरात काय येणार?" त्याच्या वहीत ती रक्कम दोन्ही बाजूंना लिहिलेली होती, आणि दोहोंच्या मधल्या रेषेवर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होते. मी ते खोडले नाही, गुणही कापले नाहीत.